घटना करायची कोणी? मॅसॅच्युसेट्स, १७७४–१७८०: एक प्रकरण अभ्यास

१७७६ च्या सप्टेंबरात मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने आपल्या हद्दीतल्या गावांकडे एक साधीशी परवानगी मागितली. राजाची सत्ता संपली, जुनी सनद आता कामाची नाही, तेव्हा नवी राज्यघटना आम्हीच बसून तयार करतो, तुमची काही हरकत? विचारणारे परके नव्हते. गावांनीच निवडून दिलेली माणसे होती ती, आणि त्यांतली बरीच इंग्रजांविरुद्ध जिवावर उदार होऊन उभी राहिलेली. व्हर्जिनियात तर असे काही विचारण्याची गरजही कोणाला वाटली नव्हती. तिथल्या प्रतिनिधींनी जूनमध्ये घटना लिहिली, आपणच मंजूर केली आणि कारभार सुरू केला. काँकर्ड गावाने मात्र ऑक्टोबरमध्ये सभा भरवली, ठराव केला आणि कळवून टाकले: हरकत आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेची गोष्ट एरवी फिलाडेल्फियाच्या दिवाणखान्यातून सुरू होते. १७८७ चा उन्हाळा, बंद खिडक्या, पंचावन्न प्रतिनिधी, त्यांतल्या जेम्स मॅडिसनची टिपणे. ती गोष्ट खोटी नाही, पण तिथे जी रीत गृहीत धरली गेली, म्हणजे घटना विधिमंडळाने करायची नाही, त्या एकाच कामासाठी वेगळी परिषद बसवायची आणि तिने केलेला मसुदा पुन्हा लोकांपुढे ठेवायचा, ती फिलाडेल्फियात सुचलेली नव्हती. ती मॅसॅच्युसेट्सच्या गावसभांनी चार वर्षे हुज्जत घालून, एक मसुदा फेटाळून आणि काही ठिकाणी न्यायालयांना कुलुपे ठोकून घडवली. माझ्या मते त्या गावांचा हट्ट कुठल्या तत्त्वज्ञाच्या पुस्तकातून आलेला नव्हता. सनद हातात असूनही ती हातातून जाऊ शकते, हे त्यांच्या आज्या-पणज्यांनी आणि त्यांनी स्वतः पाहिले होते.

एका कंपनीचा कागद

मॅसॅच्युसेट्सची पहिली घटना म्हणजे एका व्यापारी कंपनीची सनद. पहिल्या चार्ल्स राजाने मार्च १६२९ मध्ये ती मॅसॅच्युसेट्स बे कंपनीला दिली. एक गव्हर्नर, एक उपगव्हर्नर, अठरा सहाय्यक आणि वर्षातून चार वेळा भरणारी भागधारकांची सर्वसाधारण सभा, असा तिचा आराखडा. लंडनच्या कुठल्याही कंपनीला शोभावा असा. पण या सभा कुठे भरवायच्या हे सनदेत लिहिलेले नव्हते. प्युरिटन भागधारकांनी ती फट अचूक हेरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला त्यांनी आपसात करार केला, की आपण कंपनीचा कारभार आणि तो कागद, दोन्ही घेऊन समुद्रापार जायचे. १६३० मध्ये जॉन विनथ्रॉप सनद घेऊन जहाजावर चढला आणि कंपनीचे राज्य झाले. भागधारकांचे मतदार झाले, संचालकांचे न्यायाधीश झाले, सर्वसाधारण सभेचे विधिमंडळ झाले. मॅसॅच्युसेट्सचे विधिमंडळ अधिकृतपणे आजही 'जनरल कोर्ट' म्हणवते, ते या कंपनीच्या सभेवरून.

सुरुवातीला सहाय्यक मंडळी सगळी सत्ता आपल्याकडेच ठेवू पाहत होती. १६३४ मध्ये गावांच्या प्रतिनिधींनी सरळ मागणी केली: सनद दाखवा. वाचल्यावर त्यांना कळले की कायदे करण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. तेव्हापासून गावे आपले प्रतिनिधी निवडून पाठवू लागली. दोन सभागृहे कशी झाली त्याची कथा तर डुकरिणीची आहे. बॉस्टनमधल्या शर्मन नावाच्या बाईने रॉबर्ट कीन या धनाढ्य व्यापाऱ्यावर आळ घेतला, की माझी हरवलेली डुकरीण यानेच मारली. खटला फिरत फिरत १६४२ मध्ये सर्वसाधारण सभेपुढे आला. गावप्रतिनिधी बहुतेक बाईच्या बाजूने, सहाय्यक बहुतेक व्यापाऱ्याच्या बाजूने. एकत्र बसायचे तर कोणाच्या मताला किती वजन, हा वाद इतका चिघळला की १६४४ मध्ये दोघे वेगवेगळे बसू लागले. सिनेट आणि प्रतिनिधिगृह या जोडीची एक मुळी त्या डुकरिणीपर्यंत जाते. सत्ताविभागणीवरच्या जाडजूड ग्रंथांत हे सहसा येत नाही, याचे वाईट वाटते.

१६८४ मध्ये लंडनच्या न्यायालयाने ही सनद रद्द ठरवली. पाठोपाठ आलेल्या सर एडमंड अँड्रॉसने विधिमंडळच बंद केले आणि गावसभांवर वर्षाला एकच सभा अशी मर्यादा घातली. इंग्लंडमध्ये दुसऱ्या जेम्सची गच्छंती झाल्याची बातमी येताच, एप्रिल १६८९ मध्ये, बॉस्टनकरांनी अँड्रॉसला पकडून तुरुंगात टाकले. १६९१ मध्ये विल्यम आणि मेरी यांनी नवी सनद दिली. गव्हर्नर आता राजाने नेमलेला, पण विधिमंडळ पुन्हा लोकांचे आणि गव्हर्नरचे सल्लागार मंडळ विधिमंडळाने निवडायचे. अशी सवलत थेट राजाच्या अमलाखालच्या इतर वसाहतींना नव्हती. मॅसॅच्युसेट्सचे लोक पुढची ८३ वर्षे तिलाच 'आमची घटना' म्हणत आले.

वूस्टरची सप्टेंबरातली सकाळ

डिसेंबर १७७३ मध्ये चहाच्या ३४२ पेट्या बॉस्टनच्या बंदरात बुडवल्या गेल्या, हे सर्वांना माहीत असते. त्याची शिक्षा म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने बॉस्टनचे बंदर बंद केले, तेही माहीत असते. पण बंदर बंद झाल्याची झळ बॉस्टनला. आतल्या शेतकरी गावांना पेटवले ते मे १७७४ च्या दुसऱ्या कायद्याने. त्याने १६९१ ची सनदच बदलली. सल्लागार मंडळ आता राजा नेमणार, न्यायाधीश आणि शेरीफ गव्हर्नर नेमणार, ज्युरी शेरीफ निवडणार आणि गावसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच भरणार. अँड्रॉसचे भूत पुन्हा अंगणात!

इथे आपल्याकडचा एक धागा खरोखरच जुळतो. ज्या ईस्ट इंडिया कंपनीचा चहा बुडवला तिचीही सत्ता सनदेवरच उभी होती आणि तिचाही कारभार याच पार्लमेंटने १७७३ मध्ये एक साधा कायदा करून बदलून टाकला होता. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात तो रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट म्हणून येतो. त्याने मुंबईचा इलाखा तह आणि युद्धाच्या बाबतीत कलकत्त्याच्या ताब्यात दिला. मुंबईकरांनी १७७५ मध्ये राघोबादादांशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने फिरवला आणि १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला, तो याच अधिकाराच्या जोरावर. एकाच पार्लमेंटने दोन वर्षांत दोन खंडांतल्या दोन सनदी मतदान घेऊन वाकवल्या. कलकत्त्याच्या हुकुमावर मुंबईचे साहेब कुरकुरले. मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी न्यायालयांवर चालून गेले.

१६ ऑगस्ट १७७४ ला पश्चिम टोकाच्या ग्रेट बॅरिंग्टनमध्ये सुमारे दीड हजार लोकांनी न्यायाधीशांना आत पाऊलच टाकू दिले नाही. ६ सप्टेंबरला वूस्टरमध्ये जे झाले ते त्याहून मोठे. ३७ गावांच्या तुकड्या आपापल्या कप्तानांसह आल्या. एका समकालीन रोजनिशीत मोजदाद आहे: ४,६२२ माणसे. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी रांगा धरल्या. न्यायाधीश, वकील, शेरीफ असे दोन डझनांहून अधिक अधिकारी एका खाणावळीत अडकून पडलेले. त्यांच्याशी वाटाघाटी करून एक माफीनामा तयार झाला. मग त्या साऱ्यांना, टोप्या हातात धरून, दोन रांगांच्या मधून चालवले. शेवटच्या तुकडीलाही ऐकू जावे म्हणून तोच माफीनामा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचायला लावला, तीसहून अधिक वेळा. एकही गोळी सुटली नाही. त्या दिवसापासून वूस्टर परगण्यात राजाची सत्ता संपली, युद्धाला तोंड फोडणाऱ्या लेक्सिंग्टनच्या गोळीबाराआधी सात महिने.

महिन्याभराने, ४ ऑक्टोबरला, वूस्टरच्या गावसभेने आपला प्रतिनिधी टिमथी बिगेलो याला लेखी सूचना दिल्या. हा गडी व्यवसायाने लोहार. जुनी घटना मोडली तर मोडो, तिच्या राखेतून नवी उभी कर आणि तिच्यात प्रत्येक अधिकारी लोकांच्या मतांवर अवलंबून असू दे, असा त्या सूचनांचा आशय होता. स्वातंत्र्याचा जाहीरनामा यायला अजून एकवीस महिने होते.

काँकर्डची तीन कारणे

यापुढे प्रकरण गुंतागुंतीचे होते, कारण आता समोर राजा नव्हता. जून १७७५ मध्ये काँटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या सामाईक सभेने, मॅसॅच्युसेट्सला सल्ला दिला, की तात्पुरते १६९१ ची सनद चालूच आहे असे समजा, गव्हर्नर गैरहजर आहे असे धरा आणि सल्लागार मंडळाला त्याच्या जागी बसवा. पूर्वेकडच्या नेत्यांना ते सोयीचे होते. बर्कशायरच्या डोंगराळ परगण्याला पटले नाही. पिट्सफील्डचा पाद्री टॉमस अ‍ॅलन गावोगाव सांगत फिरला, की जो करार राजाने मोडला त्याच्या नावाने नेमलेले न्यायाधीश आम्हाला चालणार नाहीत. बर्कशायरची न्यायालये पुढे कित्येक वर्षे बंदच राहिली.

मे १७७६ च्या पिट्सफील्डच्या अर्जात एक वाक्य असे आहे की विधिमंडळातल्या कुणाही सभ्य गृहस्थाला ते झोंबले असणार. प्रतिनिधींनी घटनेचा मसुदा जरूर करावा, पण तो लोकांवर लादता येणार नाही, कारण ते लोकांचे नोकर आहेत आणि नोकर धन्याहून मोठा नसतो. त्यात कर्जबुडवेपणाही होता, असे टीकाकार तेव्हाच म्हणत होते. न्यायालय बंद म्हणजे वसुली बंद, जप्ती बंद. ते अगदीच खोटे नसावे. पण स्वार्थ आहे म्हणून युक्तिवाद चुकीचा ठरत नाही.

काँकर्डने तोच युक्तिवाद नेटका केला. ठरावात तीन कारणे आहेत. घटना म्हणजे राज्यकर्त्यांच्या आक्रमणापासून प्रजेच्या हक्कांचे रक्षण करण्यासाठी घालून दिलेली तत्त्वे, हे पहिले. जी संस्था घटना करते तिला ती बदलण्याचाही अधिकार ओघानेच येतो, हे दुसरे. आणि जी घटना विधिमंडळाला बदलता येते ती प्रजेला कसलेच संरक्षण देत नाही, हे तिसरे. म्हणून त्या कामापुरती वेगळी परिषद निवडा, असा ठराव.

दुसऱ्या कारणात १६८४ आणि १७७४ दोन्ही आहेत. देणारा हात काढून घेऊ शकतो. फरक एवढाच, की काँकर्डने हा धडा आपल्याच माणसांना लावला. राजा वाईट होता म्हणून सनद गेली असे त्यांनी मानले नाही. सनद कोणाच्या तरी मर्जीवर होती म्हणून ती गेली, असे मानले. त्या मर्जीच्या जागी उद्या आपला शेजारी बसला तरी धोका तोच. टॉमस जेफरसनने व्हर्जिनियाच्या घटनेवर नेमका हाच आक्षेप पुढे घेतला, की साध्या विधिमंडळाने केलेली ती साधा कायदाच ठरते. पण तो नंतर. काँकर्डच्या शेतकऱ्यांनी आधी.

आपल्या घटना समितीची बाब इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९४७ ते १९५० या काळात ती घटनाही लिहीत होती आणि देशाचे विधिमंडळ म्हणूनही काम करत होती. दोन भूमिका मिसळू नयेत म्हणून अध्यक्ष वेगळे ठेवले. घटनेच्या कामाला राजेंद्रप्रसाद, कायद्याच्या कामाला गणेश वासुदेव मावळंकर. काँकर्डला हे पुरेसे वाटले नसते. उलट, फाळणीच्या वणव्यात गावोगाव मसुदा फिरवणे भारताला कितपत शक्य होते, हाही प्रश्न आहेच. घटना बदलणाऱ्या संसदेचा हात कुठवर पोचतो, हा वाद आपल्याकडे १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात यायचा तो आलाच.

पहिला मसुदा आपटतो

विधिमंडळाने काँकर्डचे ऐकले नाही. १७७७ मध्ये त्यांनी मधला मार्ग काढला: पुढच्या निवडणुकीत प्रतिनिधी निवडताना गावांनी त्यांना घटना करण्याचाही अधिकार द्यावा, मात्र मसुदा गावांकडे मंजुरीला येईल. १७७८ च्या वसंतात तो आला आणि गावांनी सुमारे पाचास एक या प्रमाणात धुडकावला.

कारणे गावागणिक वेगळी. हक्कांची सनद कुठे आहे, असे कित्येकांनी विचारले. कुणाला गव्हर्नर फारच दुबळा वाटला, कुणाला फारच बलवान. पाचव्या कलमाने काळे, मूळ अमेरिकन आणि मिश्रवर्णीय लोकांना मतदानातून वगळले होते. सटन गावाने त्याचा कडक निषेध केला आणि गुलामगिरीच्या पापात ही आणखी भर आहे असे सुनावले. एसेक्स परगण्यातल्या सुखवस्तू गावांनी टिओफिलस पार्सन्स या तरुण वकिलाकडून लांबलचक टीका लिहून घेतली. तिचा सूर अगदी वेगळा: संपत्तीला संरक्षण द्या, सत्तेच्या शाखा नीट वेगळ्या करा. म्हणजे डोंगरातले कर्जदार आणि बंदरातले सावकार, दोघांनीही एकच मसुदा परस्परविरोधी कारणांसाठी पाडला. हा पराभव नसता तर मॅसॅच्युसेट्सची घटना इतर राज्यांसारखीच विधिमंडळाची घटना झाली असती. नाकारण्याचा हक्क खरा आहे हे नाकारूनच सिद्ध झाले.

बर्फ, तीस जण, तिघे, एकटा

१७७९ मध्ये विधिमंडळाने आधी प्रश्न विचारला: नवी घटना हवी का, आणि फक्त तेवढ्यासाठी परिषद निवडू का? गावे हो म्हणाली. शेजारच्या न्यू हॅम्पशायरने वर्षभर आधी अशी परिषद बसवली होती, पण तिचा मसुदा लोकांनी नाकारला. तेव्हा दोन्ही टप्पे पार करणारे पहिले राज्य मॅसॅच्युसेट्स ठरायचे होते. परिषदेचे प्रतिनिधी निवडताना आणि मसुद्यावर मत देताना मालमत्तेची अट काढली. एकवीस वर्षांवरचा कोणताही स्वतंत्र पुरुष मत देऊ शकत होता. स्त्रिया कुठेच नव्हत्या.

१ सप्टेंबरला केंब्रिजला परिषद भरली, तीनशेच्या आसपास निवडलेले प्रतिनिधी. मसुद्याचे काम तीस जणांच्या समितीकडे गेले, तिने ते तिघांकडे दिले: जेम्स बोडन, सॅम्युएल अ‍ॅडम्स, जॉन अ‍ॅडम्स. दोघांनी ते जॉन अ‍ॅडम्सच्या गळ्यात टाकले. तो ऑगस्टमध्येच फ्रान्सहून परतला होता आणि नोव्हेंबरात पुन्हा युरोपला जायचा होता. मधल्या आठवड्यांत त्याने ब्रेनट्रीच्या घरी बसून मसुदा लिहिला. समित्यांच्या कामाची ही रीत आपल्याला नवीन नाही. तीस जण बैठकीला, लिहिणारा एक.

प्रस्तावनेत त्याने लिहिले, की राज्य म्हणजे व्यक्तींनी राजीखुशीने केलेला संघ. समस्त लोक प्रत्येक नागरिकाशी आणि प्रत्येक नागरिक समस्त लोकांशी करार करतो. सनदेत वरून खाली देणारा राजा होता. इथे दोन्ही बाजूंना लोकच. पुढे हक्कांची घोषणा, मग दोन सभागृहे, मुदतीची भीती नसलेले न्यायाधीश आणि लोकांनी निवडलेला गव्हर्नर. गव्हर्नरचा नकाराधिकार अ‍ॅडम्सला पूर्ण हवा होता. परिषदेने तो कापला: दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केले की कायदा पक्का. अमेरिकेच्या अध्यक्षाचा नकाराधिकार आज याच साच्यातला आहे.

१७८० च्या जानेवारीत परिषद बॉस्टनला पुन्हा भरणार होती, पण त्या हिवाळ्यात बर्फ इतके पडले की पश्चिमेकडचे प्रतिनिधी पोचेनात आणि कामकाज रखडले. मार्चमध्ये मसुदा छापून गावांकडे गेला. सूचना अशी: एकेक कलम वाचा, त्यावर मते मोजा, आक्षेप असेल तर कारण लिहून पाठवा.

आणि गावांनी लिहिले! ते कागद राज्याच्या अभिलेखागारात आहेत. गावसभांनी दिवसभर बसून कलमे सोलली. तिसऱ्या कलमावर सर्वांत जास्त शाई सांडली. ते धर्माचे होते. गावांना प्रॉटेस्टंट धर्मशिक्षकांसाठी कर गोळा करायला लावणारे हे कलम अ‍ॅडम्सने लिहिलेले नव्हते. बॅप्टिस्ट पंथाच्या लोकांनी, विशेषतः आयझॅक बॅकसने, त्याविरुद्ध रान उठवले. नॉर्थॅम्प्टनने मालमत्तेच्या अटीवर बोट ठेवले: मतदाराकडे ६० पौंडांची मालमत्ता हवी, ही मर्यादा जुन्या सनदेपेक्षाही जास्त होती. ज्या घटनेवर बिनजमिनीच्या माणसाने मत दिले, ती मंजूर होताच त्याचे पुढचे मत जाणार होते.

आता मोजणीचा भाग. तो अभिमानाने सांगण्यासारखा नाही. दोन तृतीयांश मते हवी होती. पण गावांची उत्तरे हो-नाहीत बसणारी नव्हती. कोणी 'अमुक दुरुस्ती केल्यास हो' म्हणत होते, कोणी अर्धे कलम मान्य करत होते. सशर्त होकार हो धरायचा की नाही? जूनमध्ये परिषदेने सैल हाताने बेरीज केली आणि सगळी कलमे दोन तृतीयांशांनी मंजूर झाल्याचे जाहीर केले. पुढच्या इतिहासकारांनी तेच कागद पुन्हा मोजले तेव्हा तिसऱ्या कलमासह काहींना तेवढे बहुमत मिळाले होते का, याबद्दल दाट शंका निघाल्या. रीत नवी होती, युद्ध चालू होते, घटना लवकर हवी होती. तरी तिसऱ्या कलमाची मोजणी ही निव्वळ घाई होती असे म्हणवत नाही. ऑक्टोबर १७८० च्या अखेरीस जॉन हँकॉक पहिला गव्हर्नर झाला.

बेट विरुद्ध अ‍ॅश्ली

घटनेचे पहिले कलम म्हणत होते की सर्व माणसे स्वतंत्र आणि समान जन्मतात. शेफील्ड गावात कर्नल जॉन अ‍ॅश्ली नावाचा मातब्बर माणूस होता. १७७३ मध्ये तिथे स्वातंत्र्याचे जे ठराव झाले त्या समितीचा तो प्रमुख, आणि चिटणीस होता टिओडोर सेजविक हा वकील. अ‍ॅश्लीच्या घरी बेट नावाची गुलाम स्त्री राबत होती. सेजविकांच्या घरात सांगितली जाणारी हकीकत अशी, की मालकिणीने दुसऱ्या मुलीवर चुलीतले तापलेले फावडे उगारले, बेटने हात मध्ये घातला आणि तो भाजला. ती घर सोडून निघाली आणि थेट सेजविककडे गेली. तुमच्या नव्या कायद्यात सगळे समान असतील तर मी का नाही?

ऑगस्ट १७८१ मध्ये खटला ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात उभा राहिला. सात वर्षांपूर्वी दीड हजार लोकांनी ज्या गावात न्यायाधीशांना अडवले होते तेच गाव. ज्युरीने बेट आणि तिच्यासोबतचा ब्रॉम यांना स्वतंत्र ठरवले, वर अ‍ॅश्लीला तीस शिलिंग भरपाई द्यायला लावली. तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. १७८३ मध्ये क्वॉक वॉकरच्या खटल्यात सरन्यायाधीश विल्यम कुशिंगने ज्युरीला सांगितले, की गुलामगिरी या घटनेशी विसंगत आहे. परिषदेतल्या किती जणांच्या हे मनात होते? फार नसावेत. पण कागद एकदा लोकांच्या नावाने झाला, की तो कोणीही वाचू शकतो.

नांगर आणि फिलाडेल्फिया

१७८६ मध्ये पश्चिमेची न्यायालये पुन्हा बंद पडली. कर नाण्यांत भरायचे, युद्धातून परतलेल्यांच्या हातात नाणी नाहीत, जमिनींवर जप्त्या. डॅनियल शेजच्या नावाने ओळखला जाणारा हा उठाव वूस्टरच्या जुन्या पद्धतीनेच चालला होता. पण आता गव्हर्नर जेम्स बोडन होता, घटना लिहिणाऱ्या तिघांपैकी एक. त्याने बॉस्टनच्या व्यापाऱ्यांच्या पैशांनी फौज उभी केली. सॅम्युएल अ‍ॅडम्स म्हणाला की राजाविरुद्ध बंड करणाऱ्याला क्षमा होऊ शकते, प्रजासत्ताकाच्या कायद्याविरुद्ध उठणाऱ्याला मरणच हवे. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागाराबाहेर तोफ डागली गेली, चार बंडखोर मेले. त्यांचा दावा वाऱ्यावर सोडण्यासारखा नव्हता, तरी एक फरक होता: या वेळी बंद पाडलेले न्यायालय त्यांच्याच मंजुरीच्या घटनेखालचे होते. पुढच्या निवडणुकीत लोकांनी बोडनला घरी बसवले आणि हँकॉकला आणले.

या धसक्याने देशभरची बडी मंडळी फिलाडेल्फियाला जायला तयार झाली. तिथे २३ जुलैला प्रश्न आला: नव्या घटनेला मंजुरी कोणाची? राज्यांच्या विधिमंडळांची घ्या, असा एक प्रस्ताव होता. मॅसॅच्युसेट्सचा नॅथॅनियल गोरहॅम, जो १७७९ च्या परिषदेत बसलेला होता, विरोधात उभा राहिला. मॅडिसन म्हणाला की विधिमंडळांवर आधारलेली व्यवस्था आणि लोकांवर आधारलेली व्यवस्था, यांतला फरक म्हणजेच तह आणि घटना यांतला फरक. काँकर्डचा ठराव त्याने वाचला होता का, याने फारसे बिघडत नाही. अकरा वर्षांत तो विचार हवेत मुरला होता. सातव्या कलमात लिहिले गेले: नऊ राज्यांच्या खास परिषदांनी मान्यता दिली की घटना लागू.

मॅसॅच्युसेट्सची परिषद जानेवारी १७८८ मध्ये बॉस्टनला भरली. शेजचे सहानुभूतीदार भरपूर, वारा विरोधाचा. २५ जानेवारीला बर्कशायरमधल्या लेन्सबरोचा जोनाथन स्मिथ उठला. मी साधा माणूस आहे, नांगरावर पोट भरतो, अशी त्याने सुरुवात केली. गेल्या हिवाळ्यातली अंदाधुंदी मी पाहिली आहे, हा कागद मी वकिलाला न विचारता स्वतः वाचला आणि यात त्यावरचा उपाय आहे. शेतकऱ्याने शेतकऱ्यांना सांगितलेली ती गोष्ट चांगलीच पोचली असावी. तरी मते तुटेनात. शेवटी संधिवाताने आजारी हँकॉकला आणून त्याच्या तोंडून नऊ दुरुस्त्यांची शिफारस वाचवली: मंजुरी आता, दुरुस्त्या नंतर. ६ फेब्रुवारीला १८७ विरुद्ध १६८ असा निकाल लागला. पुढच्या बहुतेक राज्यांनी हाच तोडगा उचलला आणि १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या. 'हो, पण' हे उत्तर १७८० मध्ये परिषदेला मोजता आले नव्हते. या वेळी त्याला जागा मिळाली.

१७८० च्या घटनेत पंधरा वर्षांनी गावांना पुन्हा विचारायची तरतूद होती. १७९५ मध्ये विचारले, दुरुस्तीसाठी लागणारी दोन तृतीयांश मते पडली नाहीत. १८२० मध्ये अखेर दुसरी परिषद भरली तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचा जॉन अ‍ॅडम्स आपल्या गावचा प्रतिनिधी म्हणून हजर होता. सर्व धर्मांच्या लोकांना कायद्यापुढे समान मानावे, अशी दुरुस्ती त्याने मांडली. परिषदेने ती मान्य केली नाही. तिसरे कलम बदलायला १८३३ साल उजाडावे लागले, आणि तेव्हा मते मोजताना कोणाला शंका राहिली नाही.